चुलीची जागा

शाळेत मी भूगोल शिकवत असे. महाराष्ट्राच्या पावसाचा नकाशा मला पुस्तकात न बघता फळ्यावर काढता यायचा. कोकणपट्टीवर निळा खडू घासून घासून संपत आणायचा आणि आमच्या माण तालुक्यापाशी आलं की हात आवरायचा. सातवीच्या मुली तो वहीत उतरवून घ्यायच्या. अशा या भूगोलाच्या बाईंनी पालघरात घर बांधायला म्हणून पहिली जागा पसंत केली, ती निघाली भाताचं खाचर. आज सांगताना हसू येतं. तेव्हा दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नव्हते.

घर मला आईसाठी हवं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण एकटी बाई, नवरा नाही, पोर नाही, हिला घर कशाला, असं त्या वेळी बऱ्याच जणांनी मला तोंडावर विचारलं होतं. मी चार वर्षांची असताना वडील गेले. आई मला घेऊन माहेरी मामांकडे आली आणि तिथेच राहिली. मामा वाईट नव्हते. त्यांनी मला शिकवलं, ट्रेनिंग कॉलेजात घातलं, कधी वावगा शब्द काढला नाही. पण तीस वर्षं त्या घरात आई ना पाहुणी होती, ना घरची. पहाटे उठून चूल पेटवायची, सगळ्यांची जेवणं झाली की मागाहून जेवायचं, आणि कुणी काही विचारलं तर म्हणायचं, "तुम्ही म्हणाल तसं." हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला राग लवकर येतो. लहानपणापासूनच येतो.

नोकरी लागली ती थेट पालघरला. स्टेशनजवळच्या चाळीत मी एक खोली घेतली आणि आईला म्हटलं, आता ये. ती यायची. मे महिन्यात यायची, लोणची-पापड करून ठेवायची आणि जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत परत जायची. राहा म्हटलं की म्हणायची, "भाड्याची खोली. उद्या मालकानं उठा म्हटलं तर?" तिची भीती मला कळत होती. भावाचं दार एकदा सोडलं आणि इकडचंही सुटलं, तर परत जायचं कुठल्या तोंडानं? म्हणून मी ठरवलं, आपली जागा घ्यायची, आपलं घर बांधायचं. मग तिला परत जायला काही कारणच उरणार नाही. हे सगळं माझं मीच ठरवलं. ती म्हणाली, "तू म्हणशील तसं." मी त्याचा अर्थ हो असा घेतला.

ती वर्षंही जमिनी बघण्याची होती. तारापूरला वीज केंद्राचं काम निघालं होतं, बोईसरला रोज नवी माणसं उतरत होती. देशावरची, खानदेशातली, कुठली कुठली. जो तो कुठे ना कुठे जागा बघत होता. ओळखीतून मला एक शेतकरी भेटला. साठीचा, काटक, डोक्याला पांढरा रुमाल, बोलणं हळू. उमरोळीच्या अंगाला त्याची जमीन होती आणि त्यातला एक तुकडा काढायचा होता. मे महिन्यात आई आलेली असताना आम्ही दोघी उन्हातून चालत बघायला गेलो.

"बाय, घरातला बाप्या मानूस कोन हाय?" त्याने पहिल्यांदा हेच विचारलं.

"मीच," मी म्हटलं.

त्याने आईकडे पाहिलं. आई पदर सावरून जमिनीकडे बघत होती. मग त्याने मान डोलवली आणि पुन्हा कधी तो प्रश्न काढला नाही.

जागा बघून आम्ही दोघी हरखलो. इथे माझी आणि आईची चूक एकच होती, आणि ती आमच्या माणदेशी रक्तातली होती. सपाट, पाटासारखी जमीन. चारी बाजूंनी सुरेख बांध घातलेले. मी मनात म्हटलं, वा, कुंपणाचं अर्धं काम झालेलंच आहे. माती काळीभोर, उन्हाने तडकलेली. आईने खाली वाकून एक ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं, आणि कितीतरी दिवसांनी मी तिच्या चेहऱ्यावर असं हसू पाहिलं. आमच्याकडे अशी जमीन असणाऱ्याच्या घरी मुलगी द्यायला लोक रांग लावायचे. शेतकरी म्हणाला, "पानी लय चांगला धरते ही जागा." आईने माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडे बघितलं. पाणी धरणारी जमीन! माणमध्ये याहून मोठी शाबासकी जमिनीला देता येत नाही. मी तिथल्या तिथे विसार दिला. पाऊस संपला की कागद करू, असं ठरलं. तोवर बिनशेतीच्या परवानगीची चौकशी मी माझी कचेरीत करणार होते.

जूनमध्ये आई परत गेली. मी रोज संध्याकाळी कागदावर घराचे नकाशे काढायला लागले. दोन खोल्या, पडवी, मागे न्हाणी. स्वयंपाकघर आग्नेयेला, चुलीचं तोंड असं की रांधणारीने पूर्वेकडे बघावं. शास्त्रात आहे ते सगळं मी वाचून काढलं होतं.

खाडीपलीकडच्या मुरबे गावची एक कोळीण पालघरला मासळी घेऊन यायची. मी काही फारशी मासे खाणारी नव्हे, सुके बोंबील तेवढे घ्यायची, पण ती उन्हातान्हाची माझ्या पायरीवर टोपली टेकायची, पाणी प्यायची आणि जगाच्या गप्पा सांगायची. श्रावणातल्या एका दुपारी मी तिला मोठ्या ऐटीत जागेचं वर्णन सांगितलं. सपाट आहे, बांध घातलेले आहेत, पाणी चांगलं धरते. ती टोपली खाली ठेवून हसायला लागली. हसता हसता डोळ्याला पदर लावला.

"बाय, तिथं बेंडूक ऱ्हातील. मानसा नाय ऱ्हायची."

"म्हणजे?"

"म्हंजे जा नि बग. आताच जा. आमी जागा पावसात बगतो. उनाल्यात काय, सगलीच जागा चांगली दिसते."

मी छत्री घेऊन तशीच निघाले. जागेवर पोचले तर जागाच दिसेना. जिथे माझी पडवी होती तिथे गुडघाभर पाणी, आणि माझ्या आग्नेयेच्या स्वयंपाकघरात चार बाया वाकून भाताची रोपं लावत होत्या. उशिरा लावणी चालली होती. शेतकरी बांधावर इरलं घेऊन उभा. मला बघून त्याला मनापासून आनंद झाला.

"बगा बाय," तो म्हणाला, "पानी कसा धरलाय!"

मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तुम्ही मला फसवलंत, हे तर नक्कीच म्हणाले. लावणीच्या बाया हात थांबवून बघत राहिल्या. तो शांतपणे सगळं ऐकत होता. मग म्हणाला, "फसवला? बाय, मी तुमाला तोंडानी सांगितला, पानी धरते. तुमी हसल्या. तुमची आय पन हसली. मला वाटला, देशावरच्या हायेत, भात लावायचा असंल. खाचरात कोन घर बांदतो?"

त्याचं खरं होतं. घर बांधायचंय हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मला वाटलं होतं ते दिसतंच आहे. चूक माझी होती आणि चूक आपली असली की मला दुप्पट राग येतो. मी पाय आपटत परत फिरले, तर चिखलात चप्पल रुतली. ती त्यानेच काढून, पाण्यात खळबळून माझ्या हातात दिली.

"घर बांदायचा तर वर या माज्यासंगती," तो म्हणाला.

बांधाबांधावरून तो मला वरच्या अंगाला घेऊन गेला. तिथे त्याची वरकस जमीन होती. वरकस म्हणजे उंचावरची, मुरमाड, भात न होणारी जमीन. गवत तेवढं उगवतं, गुरं चरतात. दोन ताडाची झाडं, एक आंब्याचं, बाकी खडे. ती दाखवताना तो ओशाळल्यासारखा झाला होता. अशी भिकार जमीन बाईंना विकायची म्हणजे त्याला बरं वाटत नव्हतं. "ह्याचा काय उपेग नाय," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पाऊस जोरात होता आणि मी त्या मुरमावर उभी होते. पाणी माझ्या पायांवरून खाली पळत होतं, थांबत नव्हतं. फळ्यावर जो निळा रंग मी इतकी वर्षं घासत होते, तो जमिनीवर पडल्यावर कुठे जातो हे मी कधी बघितलंच नव्हतं. तोच विसार धरून त्याने त्याच किमतीत जवळजवळ दुप्पट तुकडा दिला. दिवाळीनंतर कागद झाला.

आईला मी पत्र लिहिलं, जागा बदलली, आता मुरमाडावर घेतली आहे. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं उत्तर मामांचा मुलगा लिहायचा. उत्तर आलं: तू म्हणशील तसं.

आता प्रश्न आला बांधणार कोण याचा. आमचे हेडमास्तर फार भले गृहस्थ. त्यांनी एक कॉन्ट्रॅक्टर सुचवला. बोईसरकडे कामगारांच्या खोल्या बांधून देणारा, हसतमुख, खिशाला दोन पेनं. हेडमास्तरांच्या खोलीत आम्ही तिघे बसलो. त्याने टेबलावर एक छापील नकाशा पसरला. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, वाळू-विटांना खेटे घालावे लागायचे. ती सगळी जबाबदारी तो घेत होता. मे महिन्याच्या आत घर उभं करून देतो म्हणाला. मे महिना ऐकताच मी पुढे सरकून बसले. मे महिन्यात आई येणार होती. ती आली की तिला थेट नव्या घरात उतरवायचं आणि परत जायची भाषाच बंद करायची, असा माझा बेत होता.

"साब, किचन पीछे डाल दूँगा," तो हेडमास्तरांना म्हणाला. "खिडकी एक बस. बहनजी को क्या, चाबी लेके अंदर आना है."

सबंध तास तो हेडमास्तरांशीच बोलत होता. मी तिथे नव्हतेच. हेडमास्तर मध्ये मध्ये माझ्याकडे हात करून "बाईंना विचारा, बाईंना विचारा" म्हणत होते, तरी तो मान वळवून पुन्हा त्यांच्याशीच बोलायचा. एरवी मी त्याला तिथेच सुनावलं असतं. पण मे महिन्याच्या लोभाने राग गिळला. आठ-दहा दिवसांत सांगते म्हणाले. खरं तर मनातून मी हो म्हणून मोकळी झाले होते.

कोळणीला हे सांगितलं तेव्हा ती या वेळी हसली नाही. म्हणाली, "माजा घर बग आदी. मग कोनालाबी दे." पुढच्या रविवारी मी सातपाटीहून होडीने खाडी ओलांडून मुरब्याला गेले. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांड्यांमधून वाट काढत तिच्या घरी पोचले. समुद्र अगदी दाराशी. शेजारच्या घरांच्या भिंती खाऱ्या वाऱ्याने खाल्लेल्या, हिची भिंत मात्र धड. मी एखाद्या इन्स्पेक्टरसारखी सगळीकडे फिरले. कौलं बघितली, कोपरे बघितले. पण मला काय आवडलं सांगू? स्वयंपाकघरात धूर नव्हता. चूल भडकलेली, समुद्रावरचा वारा दारातून आत येतोय, आणि तिची सासू चुलीपुढे बसून निवांत भाकरी थापतेय. डोळ्यांत पाणी नाही.

"केळव्याच्या गवंड्यानी बांदला," कोळीण म्हणाली. "लय तऱ्हेवाईक हाय. पन त्याच्या घरात बायांचे डोले नाय जलत."

तो गवंडी दोन दिवसांनी जागेवर आला. पन्नाशीचा, दोन्ही हात चुन्याने कायमचे पांढरे पडलेले. वरकसावर चारी दिशांना चालला, मूठभर गवत उडवून वारा बघितला, आणि "जोता कंबरेएवडा घेऊ," म्हणाला. मी त्याच्यापुढे माझे नकाशे ठेवले. आग्नेयेचं स्वयंपाकघर, पूर्वेचं तोंड. त्याने कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, आणि परत दिला.

"रांदनार कोन?"

"घर माझं आहे. काय ते मला विचारा."

"घर तुमचाच हाय, बाय. पन रांदनार कोन?"

मी कबूल केलं की मला भात शिजवण्यापलीकडे फारसं येत नाही, स्वयंपाक आई करणार. "मग आयला बोलवा," तो म्हणाला. "आय इथं एकदा रांदू दे. मग मी फक्की मारतो, मग खनतो." फक्की मारणं म्हणजे घराच्या भिंती कुठे येणार ते जमिनीवर चुन्याच्या रेघांनी आखणं. त्याची पद्धतच होती ती. मोकळ्या जागेवर तीन दगडांची चूल मांडायची, घरच्या बाईने तिथे एक वेळचा स्वयंपाक करायचा, तो बाजूला बसून बघायचा. धूर कुठे जातो, बाई कुठे वळते, पाणी कुठून घेते, कुठे तिचा हात पोचत नाही. मगच कुदळ.

मी म्हटलं, आई माणला आहे, मे महिन्याशिवाय येत नाही. तो म्हणाला, मग मे महिन्यात खणू. मी म्हटलं, मला मे महिन्याच्या आत घर हवंय. तो म्हणाला, मग दुसरा गवंडी बघा. हे सगळं त्याने इतक्या गोडीत सांगितलं की भांडायलाही जागा ठेवली नाही. घरी येताना वाटभर मी त्याला शिव्या घातल्या. कॉन्ट्रॅक्टरला उद्याच हो म्हणून टाकायचं, असं ठरवलं.

आणि दुसऱ्या दिवशी, वर्गात नकाशा काढता काढता, मला मुरब्याची ती म्हातारी आठवली. चुलीपुढे कोरड्या डोळ्यांनी बसलेली. आमच्या मामांच्या घरी चूल भिंतीकडे तोंड करून होती, धुराड्याशिवाय. आईचे डोळे बारा महिने लाल असायचे. लहानपणी मला वाटायचं, ती सारखी रडते. कॉन्ट्रॅक्टरला मी नाही म्हणून निरोप पाठवला आणि आईला पत्र टाकलं, असशील तशी निघ. त्या दिवशी मला एकदम बरं वाटलं. घर मे महिन्यात होणार नाही हे माहीत असूनही बरं वाटलं.

आई संक्रांतीनंतर आली. मामांनी पाठवलं, पण मागोमाग त्यांचं कार्ड आलंच. धाकट्या सुनेचं बाळंतपण फाल्गुनात आहे, तोवर तुझ्या आईस परत पाठवावे, तिच्याशिवाय इथे अडते. मी कार्ड वाचून दाखवलं. आई म्हणाली, "हं." मी कार्ड फडताळात उलटं ठेवलं आणि मनात फाल्गुन किती दिवसांवर आहे ते मोजत बसले. घर तर तोवर जोत्याच्याही वर येणार नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही जागेवर गेलो. बरोबर तांदूळ, डाळीचं पीठ, पातेली, पाण्याची कळशी. गवंड्याने माझा नकाशा बघून, माझा मान राखून, आधी माझ्या म्हणण्याप्रमाणे फक्की मारून ठेवली होती. मुरमावर पांढऱ्या रेघांचं घर पडलेलं. रेघांत जिथे मोकळी फट ती दारं. आईला वाटलं आपण चुकून भिंतीवर पाय देऊ, म्हणून ती दाराच्या फटीतूनच आत आली. मला हसू आलं. गवंडी हसला नाही. त्यानेही चपला बाहेर काढल्या होत्या.

आग्नेयेच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले. मी आईला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. तिने जाळ केला, भाताचं आधण ठेवलं. थोड्या वेळाने समुद्रावरचा वारा सुटला, तो मागून आला, तिच्या पाठीवर आपटून वळला आणि सगळा धूर तिच्या तोंडावर फिरला. ती डोळे चोळत तशीच बसली, पातेलं ढवळत. तिला सवयच होती.

गवंडी उठला. "आय, उठा थोड्या," म्हणाला. त्याने दगड उचलले, माझी चुन्याची रेघ पायाने पुसली. "आता तुमी सांगा, कुठं बसाल?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"पूर्वेकडेच तोंड हवं," मी म्हटलं. "फार तर थोडं सरकवून..."

"बाय," तो म्हणाला, "तुमी जरा गप ऱ्हावा. मी आयला इचारतो."

माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीला मी असंच गप केलं असतं. मी गप झाले. आणि गप झाल्यावर माझ्या लक्षात आलं की जागा मी निवडली, बदलली मी, गवंडी मी ठरवला, चुलीचं तोंडही मीच ठरवलं. ज्या बाईसाठी हे सगळं चाललं होतं, तिला एकदाही विचारलं नव्हतं. मामांनीही कधी विचारलं नव्हतं. त्या बाबतीत मामांत आणि माझ्यात काडीचा फरक नव्हता. मला माझीच लाज वाटली. खरंच वाटली.

आईने हात पदराला पुसले. मला वाटलं, आता ते तिचं नेहमीचं वाक्य येणार. गवंडी घाई करत नव्हता. तो उकिडवा बसून विडी ओढत समुद्राच्या दिशेला बघत होता. मग आई हलली. त्या पांढऱ्या रेघांच्या आतून हळूहळू चालायला लागली. पडवीत गेली, परत आली. माजघरात थांबली. एक खडा पायाने बाजूला केला. मग पलीकडच्या कोपऱ्यात, मी जिथे धान्याची कोठी धरली होती तिथे जाऊन बसली. भिंतीला पाठ, तोंड दाराकडे. तिथून दाराची फट दिसत होती, पडवी दिसत होती, आणि पडवीपलीकडे उमरोळीहून येणारी पायवाट.

"इथं," ती म्हणाली.

"आई, ती तर पश्चिम," मी न राहवून बोललेच.

"असू दे. तीस वर्षं भिंत बघितली. घरात कोण येतंय ते पाठीमागून आवाजानं ओळखायचं. मला येणारं माणूस दिसलं पाहिजे."

गवंड्याने विडी विझवली. दगड तिथे मांडले. वारा आता तिरका येत होता, धूर तिच्या डाव्या अंगाने मागच्या बाजूला निघून गेला. तो म्हणाला, मागच्या भिंतीत वर एक झरोका ठेवू. आई म्हणाली, झरोका जरा डावीकडे हवा. पाण्याचा माठ उजव्या हाताला हवा. उंबरा उंच नको, माझे गुडघे दुखतात. न्हाणी घराला लागून नको. मी ऐकतच राहिले. इतकी वाक्यं तिने एका दमात बोललेली मी जन्मात ऐकली नव्हती. गवंडी "बरा, बरा" म्हणत एकेक जुनी रेघ पुसत होता आणि नवी मारत होता. दुपारपर्यंत माझा नकाशा पार नाहीसा झाला.

भात थोडा करपला होता. पिठल्यात खडा निघाला. आम्ही तिघे त्या रेघांच्या माजघरात जेवायला बसलो आणि आईने आधी गवंड्याला वाढलं, मग मला, मग लगेच स्वतःचंही पान वाढून घेतलं आणि आमच्याबरोबरच जेवली. मी खाली बघून भात कालवत राहिले. बोलले असते तर तिने पान बाजूला सारलं असतं, अशी भीती वाटली.

भांडी आवरून झाल्यावर ती परत चुलीच्या जागी जाऊन बसली. निखारे विझत आले होते. मला म्हणाली, "दादाच्या कार्डाचं उत्तर राहिलंय. तुझ्याकडं कागद आहे का?"

पिशवीत वहीचा कागद होता. मी पेन्सिल काढली. काय लिहू, विचारलं.

"लिही, सूनबाईच्या बाळंतपणाला येते. पंधरा दिवस राहीन. बारसं झालं की निघेन, येताना माझी पेटी घेऊन येईन. जास्त राहता यायचं नाही, म्हणावं. माझं घर आहे, ते टाकून किती दिवस राहणार?"

मी मान वर केली. समोर मुरूम, गवत, दोन ताड आणि चुन्याच्या रेघा.

"आई," मी म्हटलं, "अजून पाया खणायचाय."

"तू लिही," ती म्हणाली.